भट्टीवाले चाचा

रशीदचाचांना राग आला की ते हात धुवायला जात. आवाज चढवणं, टेबलावर काही आपटणं, दार ढकलून बाहेर पडणं, यातलं काही त्यांना जमत नसे. हातातलं काम खाली ठेवायचं, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जायचं आणि कपड्याच्या साबणाच्या वडीने कोपरापर्यंत हात धुवायचे, सावकाश, नखांच्या कडांसकट. माती परीक्षणाच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम केलं तिथे ते परिचर होते, म्हणजे कागदोपत्री शिपाई. आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि लागेल तेव्हा भट्टीत भाजायची, ही त्यांची कामं. म्हणून सगळे त्यांना भट्टीवाले चाचा म्हणत. रागावण्यासारखं तिथे रोज इतकं घडे की मातीत काम करणाऱ्या माणसाचे इतके स्वच्छ हात मी दुसरे पाहिले नाहीत.

प्रयोगशाळा एका संस्थेची होती. सरकारी कामं कंत्राटाने घ्यायची. आता ती बंद झाली, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. माझ्या तिथल्या पहिल्याच आठवड्यात एका गावाच्या शेतांमधली माती आली. कापडी पिशव्या, प्रत्येकीवर वेगळ्या शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर. चाचांनी त्या लांब टेबलावर पत्र्याच्या ट्रेंमध्ये ओळीने रिकाम्या केल्या आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग प्रत्येक ट्रेमधून त्यांनी एकेक लाल खडा उचलला आणि टेबलाच्या कडेला मांडत गेले. विटांचे तुकडे होते ते.

पिशव्या आणणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, "साऱ्या गावानं एकाच वीटभट्टीच्या मागं पेरनी केली काय बे?"

तो हसला. मीही त्याच्यासोबत हसले. साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी खड्यांची रांग पाहिली आणि परिचराचं काम पिशवी सोडायचं आहे, पंचनामा करायचं नाही, असं सांगून आत गेले. चाचा हात धुवायला गेले. थोड्याच दिवसांत सगळ्या शेतकऱ्यांच्या नावाच्या पत्रिका छापून रवाना झाल्या. तुमच्या जमिनीत हे कमी, ते जास्त, एवढं खत घाला. वीटभट्टीच्या मागच्या मातीचा सल्ला घेऊन एका गावाने पेरणी केली. मी हसले होते हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढचं वाचताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको.

मी मूळची सुलतानपूरची, लोणार तालुक्यातली. पीएच.डी.साठी विषय घेतला होता डोंगरउतारावरच्या मातीतला सेंद्रिय स्फुरद. माझे मार्गदर्शक विद्यापीठात, लांब. इथल्या कामावर देखरेख साहेबांची, आणि प्रबंधावर त्यांची सही लागणार होती. विषय कठीण वाटतो, पण चाचांनी तो मला पहिल्या दिवशी चहा पिताना समजावला तसा विद्यापीठात कोणी समजावला नव्हता. पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लागतो. नेहमीच्या चाचणीत मातीतला जो स्फुरद मुळांना लगेच घेता येतो तेवढाच मोजला जातो. डोंगरावर पडलेली पानं, मेलेली मुळं, किडे, बुरशी यांच्यात जो अडकलेला असतो, जो हळूहळू कुजत मोकळा होतो, तो या चाचणीत दिसतच नाही. चाचा म्हणाले, "ताटात वाढलेलं मोजते ही टेस्ट. कोठीत काय हाय ते नाई मोजत. अन् डोंगराचं तं सारं कोठीतच असते, बेटा."

बुलढाण्याच्या घाटाकडे अंजनबर्डी नावाची टेकडी आहे. होती, असं लिहायला हवं. अंजन, सालई, धावडा अशी झाडं, खाली सीताफळीची झुडपं. टेकडी गायरानात मोडत होती आणि पायथ्याच्या गावाची गुरं-बकऱ्या तिच्यावर चरत. माझे नमुने तिथून घ्यायचे होते. चाचांची कामाची हद्द प्रयोगशाळेच्या दारापर्यंत, तरी ते रविवारी त्यांच्या गावाहून, देऊळघाटहून, घरचा डबा घेऊन येत आणि माझ्यासोबत चढत. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. मी पायवाटेच्या कडेला, सावली पाहून खड्डा करायला बसले की ते उभेच राहत. "जिथं जायचा कंटाळा येते, तिथली माती घे," म्हणत. मग आम्ही काट्याकुट्यातून कडेच्या बाजूला जायचो, जिथे मला खरंच कंटाळा यायचा.

पुस्तकात लिहिलं होतं की वरचा पालापाचोळा झाडून टाकावा आणि मग माती घ्यावी. मी झाडायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. असं ते कधी करत नसत. म्हणाले, झाडून टाकती ते काय हाय, ते आधी पाह्य. त्यांनी पिशवीतून घरचा कालथा काढला, भाकरी उलटायचा, आणि त्याने एकेक थर अलगद उचलून दाखवला. वर सुकी पानं, त्याखाली अर्धी कुजलेली, जाळीदार झालेली, त्याखाली बोटभर जाडीचा काळाभोर थर, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवल्यासारखा. मग तपकिरी माती आणि लगेच मुरूम. तो बोटभर काळा थर म्हणजे अंजनबर्डी, बाकी नुसता दगड, असं ते म्हणाले. प्रत्येक थराची वेगळी पिशवी केली. आत एक चिठ्ठी, बाहेर एक, दोन्ही शिसपेन्सिलीने लिहिलेल्या, कारण शाई ओल लागली की पसरते. कालथा घरून नेल्याबद्दल चाचींनी त्यांना दोन दिवस टोमणे मारले हे त्यांनीच मला सांगितलं.

भट्टीला ते दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. एकाच मातीचे दोन वाटे करायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा मुशीत, म्हणजे चिनी मातीच्या छोट्या वाटीत घालून लालभडक भट्टीत भाजायचा. भाजल्यावर पानामुळांचा अंश जळून जातो आणि त्यात अडकलेला स्फुरद मोकळा होतो. मग दोन्ही वाटे आम्लात ढवळून, गाळून, त्यांत रसायन घातलं की निळा रंग चढतो. स्फुरद जितका जास्त तितका निळा गडद. नेहमीच्या शेतांची माती केली की दोन नळ्यांमधला फरक थोडा असे. अंजनबर्डीच्या काळ्या थराचा पहिला वाटा भाजून आला, मी रसायन घातलं, आणि एक नळी आभाळासारखी फिकट राहिली तर दुसरी शाईसारखी झाली. चाचांनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. "कोठी उघडली," म्हणाले. त्या प्रयोगशाळेत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्याच हिवाळ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. भरावाला मुरूम हवा होता आणि कंत्राटदाराची नजर अंजनबर्डीवर गेली. गाव विरोधात होतं. गावाचं तोंड बंद करायला एक कागद हवा होता, की ही जमीन कुठल्याच कामाची नाही. कंत्राटदाराचा माणूस दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आला. चाचांनी उघडून पाहिलं तर पिवळा मुरूम, पायथ्याशी रस्त्याच्या कापलेल्या कडेतला, एक मूळ नाही, एक पान नाही. ते पिशवी घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि विचारलं, याच्यावरचा थर कुठे आहे. साहेब म्हणाले, जे आलंय त्याचा अहवाल द्यायचा. मग मला बोलावून सांगितलं की माझे आकडे प्रबंधासाठी आहेत, प्रबंध मान्य व्हायच्या आधी ते बाहेर जाता कामा नयेत, आणि मला पदवी हवी आहे असं ते समजतात. हे सगळं ते अगदी गोड बोलले. चहाही मागवला.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. साहेब खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी फाईल मांडीवर घेऊन. चाचांनी त्या दिवशी रजा टाकली होती, ते मागे लोकांत सतरंजीवर बसले होते. साहेबांनी अहवाल वाचला. जमीन मुरमाड, स्फुरद अत्यल्प, लागवडीस आणि चराईस निरुपयोगी. सिंधूबाई नावाची एक बाई उठली. तिचं शेत टेकडीच्या अगदी पायाशी होतं. तिने विचारलं, "बर्डीत काहीच नाई तं मंग माह्या बकऱ्या इतकी वर्सं काय खाऊन राह्यल्या?" लोक हसले, साहेबही हसले, आणि म्हणाले की हा शास्त्राचा विषय आहे.

तेव्हा चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून उठले. "साहेबांनी वाचलं ते मुरमाचं हाय," ते म्हणाले. "वरच्या मातीचं काम या मॅडमनं केलं. माती म्या भाजून देली. आकडे तिच्यापाशी हायेत. तिले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं नाही, ते समोर बघत राहिले. आकडे खरोखर माझ्यापाशी होते, त्याच फाईलमध्ये, हाताखाली. मी म्हणाले, "काम अजून अपूर्ण आहे. आत्ताच काही सांगता येणार नाही."

भीतीने माझी वाचा बसली असती तरी एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. तसं काही झालं नव्हतं. मी शुद्ध मराठीत, नीट वाक्य करून, खणखणीत आवाजात खोटं बोलले. सिंधूबाई क्षणभर माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि खाली बसली. टेकडी मुरमासाठी द्यायचा ठराव झाला.

परतताना आम्ही एकाच काळी-पिवळीत होतो. चाचा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. देऊळघाटच्या फाट्यावर ते उतरले आणि "येतो बेटा" न म्हणताच गेले. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांना नोटीस मिळाली. संस्थेच्या कामाविषयी परवानगीशिवाय जाहीर बोलल्याबद्दल. त्यांच्याकडून भट्टी काढून घेतली आणि त्यांना दारापाशी ये-जा नोंदवायच्या रजिस्टरवर बसवलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ज्या माणसाला चिमटीत माती धरून ती उताराची की ओढ्याकाठची हे सांगता येत होतं, तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत बसला. भट्टी ज्याला दिली त्याने पहिल्याच दिवशी ती निवायच्या आत तिचं दार उघडलं आणि मुशी तडकवल्या. साहेब म्हणाले, नवीन मागवू. मी काहीच म्हणाले नाही. मला आता न बोलायची सवय झाली होती.

माझ्या काही पिशव्या भाजायच्या राहिल्या होत्या. त्या तशाच राहणार असं मी धरून चालले होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आत आले तर चाचा भट्टीपुढे स्टुलावर बसलेले, माझ्या मुशी ओळीने मांडून. नवा माणूस बाहेर जेवायला गेला होता. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी न बघता सांगितलं, "तुह्यासाठी नाई करून राह्यलो. माती बर्डीची हाय, तुही नाई." पुढचे कितीतरी दिवस ते स्वतःचा डबा न उघडता माझी माती भाजत राहिले. वेळ झाली की मुशी माझ्या टेबलावर ठेवून, चिठ्ठी लावून, पुन्हा दारापाशी जाऊन बसत. माझ्या प्रबंधातला शेवटचा तक्ता त्या सुट्ट्यांमध्ये तयार झाला.

उन्हाळ्यात पोकलेन आले. बोटभर काळा थर काढायला त्यांना दोन-तीन दिवसही लागले नसतील. तो कोणाला नकोच होता, म्हणून कडेच्या घळीत लोटला. त्याखालचा मुरूम डंपरने गेला. पावसाळ्यात घळीतलं सगळं वाहून गेलं आणि उघड्या कड्यावरचे दगडगोटे सिंधूबाईच्या शेतात उतरले. सोयाबीनच्या ओळींवर खडीचा थर बसला. ती मातीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आली. रजिस्टरवर तिचं नाव चाचांनी लिहिलं. पिशवी त्यांनी स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "हे तू कर." मी केलं. संगणकाने पत्रिका छापली, स्फुरद कमी, अमुक खत एवढ्या प्रमाणात घालावं. सिंधूबाईने ती पत्रिका घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि मला विचारलं, यात दगडांचं काय लिहिलंय. दगडांसाठी पत्रिकेत रकाना नसतो.

पदवी मिळाली. एका कृषी महाविद्यालयात नोकरीही मिळाली. प्रबंधाची एक प्रत कापडी बांधणीत करून मी देऊळघाटला चाचांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर खाटेवर बसले होते, पाय लांब करून. चाचींनी चहा आणला, माझ्या आईची विचारपूस केली. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पानं उलटली, तक्ते पाहिले, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, यात अंजनबर्डी कुठे आहे ते दाखव. मी दाखवलं. तिथे लिहिलं होतं, स्थळ क्रमांक तीन.

ते म्हणाले, नाव काऊन नाई लिहिलं. मी सांगितलं की अशा कामात स्थळांना क्रमांक देण्याची पद्धत असते. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे साहेबांनी सही करण्याआधी नाव खोडायला सांगितलं होतं आणि मी खोडलं होतं. मग त्यांनी आभाराचं पान वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. साहेबांच्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी होते. शेवटच्या ओळीत प्रयोगशाळेतील सर्व कर्मचाऱ्यांचेही आभार होते.

चाचांनी प्रबंध मिटला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. "घेऊन जाय," म्हणाले. "माह्या घरात याले जागा नाई." चाची आतून म्हणाल्या, असं काय बोलता पोरीला, इतक्या लांबून आली आहे. ते म्हणाले, चहा पाजला ना, अजून काय करू. मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारून सांगितलं की पुढे घाटाकडे खडी सांडली आहे, गाडी जपून चालव. माणूस रागात असला तरी त्याला असं सांगावंसं वाटतं, आणि तो रागातच राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मला माफ केलं असं कोणी समजू नये. मीही तसं समजत नाही.

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. जायला हवं होतं. ते वारले हे मला महिन्याभराने, बसस्टँडवर भेटलेल्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. तो सहज बोलता बोलता म्हणाला, आपले भट्टीवाले चाचा गेले ना. मी घरी आले आणि स्वयंपाक केला, दुसऱ्या दिवशीच्या तासांची तयारी केली, सगळं केलं. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागा नव्हती. साहेबांचा राग होता, कंत्राटदाराचा होता, त्या क्रमांक तीनचा होता. पण या सगळ्यांमागे शाळेच्या पटांगणात फाईल मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी होती, आणि तिचा राग मला कुठेच टाकता येत नव्हता.

अंजनबर्डीची उत्तरेची बाजू तेवढी उरली होती. या वर्षी तिचाही कागद निघाला. तोच रस्ता, पुढचा टप्पा. सिंधूबाईच्या मुलाने माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे, त्याने फोन करून ग्रामसभेचा दिवस सांगितला. येणार का, असं विचारलं नाही, फक्त दिवस सांगितला.

मी गेले. महाविद्यालयात प्राचार्यांनी विचारलं कशासाठी, तेव्हा सांगितलं, गावाला माती समजावून द्यायची आहे. ते म्हणाले, आपल्याला त्यात पडायचं नाही. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवून निघाले. त्याचं काय होणार आहे ते अजून मला कळलेलं नाही.

पटांगणात या वेळी अहवाल वाचणारे दुसरे कोणी होते, पण मजकूर शब्दशः तोच होता. मी उठले. माझं नाव सांगितलं, आणि म्हणाले की हे सगळे आकडे अंजनबर्डीचे आहेत, माती घेताना आणि भाजताना रशीदचाचा होते, देऊळघाटचे, मी फक्त लिहिले. मग थरानुसार वाचत गेले. स्फुरद कोठीत असतो म्हणजे काय हे त्यांच्याच शब्दांत सांगितलं. वरचा काळा थर गेला की कोठी रिकामी होते आणि ती भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, हेही सांगितलं. आवाज कापत होता. कंत्राटदाराच्या माणसाने मध्ये दोनदा घड्याळ दाखवलं. गावातल्या एकाने विचारलं की हे रशीदचाचा कुठे आहेत, त्यांना का नाही आणलं. मी सांगितलं, ते वारले.

ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेला मी येऊ शकणार नाही असा दिवस ते निवडतील, हे मला माहीत आहे, तरी मी जाणार आहे. लोक उठून जायला लागले तशी सिंधूबाई माझ्याजवळ आली. तिचे केस आता बरेच पांढरे झालेत. तिने माझा हात हातात घेतला, मला वाटलं आता काहीतरी बरं बोलेल.

"हे सारं तुले तवाही माहीत होतं ना, बाई?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

तिने माझा हात सोडला आणि बकऱ्या सोडायची वेळ झाली म्हणून घराकडे गेली.